रंगाखालचा फोड खरवडण्यापूर्वी

प्रश्न : आमचे घर मालवण तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही नवी हॅचबॅक गाडी घेतली. गेल्या महिन्यात गाडी धुताना मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवर, मडफ्लॅपच्या वरच्या बाजूला, मुगाच्या दाण्याएवढे दोन फोड रंगाखाली दिसले. पुढच्या उजव्या दाराच्या खालच्या कडेलाही वीतभर लांब असा उंचवटा आला आहे, आणि बॉनेटच्या पुढच्या टोकाला एक तपकिरी ठिपका आहे. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने गाडीकडे नीट पाहिलेही नाही. "समुद्राकाठी असेच होते, वॉरंटीत बसत नाही," असे तोंडी सांगून परत पाठवले. गावातले मिस्त्री म्हणतात की खरवडून, पुट्टी भरून दीड हजारात रंग मारून देतो. यजमान म्हणतात, गंज वाढण्याआधी गाडी विकून टाकू. गाडी आम्ही विहिरीच्या पाण्याने धुतो आणि पावसात प्लास्टिकच्या कापडाने झाकतो. दीर आठवड्यातून दोनदा डिकीतून कुडाळच्या बाजारात मासळी नेतात. पाऊस आता महिन्यावर आला आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर :

ताई, आपली गाडी विकण्याची वेळ आलेली नाही, आणि ती उद्याच मिस्त्रींकडे खरवडायला देण्याचीही आलेली नाही. आपण पत्रासोबत पाठवलेले फोटो मी बारकाईने पाहिले. तिन्ही ठिकाणी गंज आहे, परंतु तो तीन वेगवेगळ्या वाटांनी पत्र्यापर्यंत पोहोचलेला दिसतो. ही वाट ओळखल्याशिवाय केलेली दुरुस्ती आपल्याकडच्या हवेत एक पावसाळा काढत नाही. म्हणून आधी या वाटांविषयी लिहितो, मग वॉरंटीविषयी आणि त्यानंतर दुरुस्तीविषयी. कृपया याच क्रमाने चालावे, कारण एकदा फोड खरवडला की कंपनीला दाखवण्यासारखा पुरावा आपल्या हाती उरत नाही.

कारखान्यात मोटारीच्या पोलादी पत्र्याला, निदान त्याच्या बऱ्याच भागांना, जस्ताचा थर दिलेला असतो. त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग सबंध सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवला जातो, आणि त्यावर मधला प्रायमर, रंग व शेवटचा पारदर्शक थर येतो. हे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा ते सातवा हिस्सा भरतात. हा पातळ पापुद्रा सलग आहे तोवर खाली गंज धरत नाही. तो कुठेही तुटला, किंवा मुळातच एखाद्या घडीत पोहोचला नसला, की पाणी, हवेतला प्राणवायू आणि मीठ या तिघांना लोखंड सापडते. तयार होणारा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे रंग वर उचलला जातो आणि आपल्याला फोड दिसतो. फोड दिसेपर्यंत त्याच्या सभोवती, अजून सपाट दिसणाऱ्या रंगाखालीही, गंज काही अंतर पसरलेला असतो.

मीठ इथे दुहेरी काम करते. हवेतील आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतला ओलावा ओढून स्वतःच विरघळते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तर जेमतेम ३३ टक्क्यांपासूनच ओलावा धरू लागते. किनाऱ्यावर आर्द्रता याहून कमी क्वचितच होते, म्हणून पाऊस नसतानाही, हाताला कोरड्या लागणाऱ्या पत्र्याच्या कडांवर खारट पाण्याचा न दिसणारा थर असतो. शिवाय मिठातले क्लोराइड गंजण्याच्या क्रियेत संपून जात नाही. ते गंजाच्या खळग्यात तळाशी बसून राहते आणि पुन्हा पुन्हा तेच काम करते. दुरुस्तीच्या वेळी याच क्लोराइडकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि त्याविषयी मला पुढे सविस्तर लिहायचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावसाळ्यात गाडी सडते असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, पण टप आणि बॉनेट यांवरचे मीठ पावसाने धुऊन निघते. जिथे पाऊस थेट पोहोचत नाही, म्हणजे चाकाच्या कमानीची आतली कड, दाराची खालची घडी, गाडीचा तळ, बंपरच्या मागचा पत्रा, तिथे ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत साचलेले मीठ तसेच राहते आणि पावसाळा त्याला फक्त ओलावा पुरवतो. आपले फोड कमानीवर आणि दाराच्या कडेला आले, टपावर आले नाहीत, याचे कारण हेच आहे.

आता एकेक जागा पाहू.

बॉनेटवरचा तपकिरी ठिपका सर्वांत साधा आहे. पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उडालेल्या खडीने तिथला रंग टवका उडून गेला आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला बाहेरून गंज धरला. तो अजून उथळ आहे. वॉरंटीत दगडाचा मार सहसा धरत नाहीत, तेव्हा त्यासाठी कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. ही जागा याच आठवड्यात दुरुस्त करून घ्यावी.

चाकाच्या कमानीवरील फोडांच्या बाबतीत माझा संशय मडफ्लॅपच्या स्क्रूवर आहे. नवी गाडी ताब्यात देताना शोरूममध्ये मडफ्लॅप, दारावरची पट्टी, कमानीवरचे प्लास्टिक असे साहित्य बसवून देतात, आणि पुष्कळदा त्यासाठी कमानीच्या दुमडलेल्या कडेत पत्रा कापत जाणारे स्क्रू सरळ पिळून घातले जातात. असा स्क्रू रंग, प्रायमर आणि जस्त हे तिन्ही थर एकदम कापतो. मडफ्लॅपच्या मागे आपल्याकडचा जांभ्याचा लाल चिखल घट्ट बसतो आणि दिवसेंदिवस ओला राहतो. फोटोत दोन्ही फोड स्क्रूच्या बरोबर वर दिसतात, म्हणून मडफ्लॅप काढून आतून पाहावे. काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा फोटो घ्यावेत. उजव्या चाकाच्या स्क्रूभोवतीही तशीच सुरुवात झालेली आढळली, तर संशय पक्का समजावा. एक सावधगिरी मात्र हवी. जांभ्याच्या मातीत लोहाचे ऑक्साइड भरपूर असल्यामुळे तिचा डाग गंजासारखाच दिसतो. ओल्या कापडाने पुसून निघाला तो डाग. पुसूनही खडबडीत राहिला आणि नखाला अडला तो गंज.

दाराच्या कडेचा उंचवटा मला सर्वांत गंभीर वाटतो. दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या बाजूला आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. या घडीच्या आत हौदातला प्रायमर पुरेसा पोहोचत नाही, म्हणून तिथे चिकट द्रव्य आणि बाहेरून सीलरची सलग रेघ दिलेली असते. ती रेघ कुठे तुटलेली असेल, तिच्यात बुडबुडा राहिला असेल, किंवा दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली भोके बुजली असतील, तर घडीत पाणी साचते आणि गंज आतून बाहेर येतो. खिडकीच्या काचेवरून पाणी दारात उतरणे हे नेहमीचेच आहे. ते खालून वाहून जावे अशीच दाराची रचना असते. दार उघडून तळाशी बोट फिरवावे. लांबट भोके सापडतील, ती माडाच्या झावळीच्या हिराने हलक्या हाताने मोकळी करावीत. लोखंडी तार घालू नये, कारण ती आतला प्रायमर ओरबाडते. पाणी किंवा लाल गाळ बाहेर आला तर त्याचाही फोटो काढून ठेवावा. मग चारही दारांची सीलरची रेघ शेजारी शेजारी ताडून पाहावी. तीन दारांवर ती सलग असेल आणि याच दारावर तुटक असेल, तर "समुद्राकाठी असेच होते" हे उत्तर पुरेसे ठरत नाही, कारण समुद्राचे वारे चारही दारांना सारखेच लागलेले आहे.

नव्या गाडीला एखाद्याच भागावर इतक्या लवकर फोड येण्यामागे आणखी एक शक्यता असते आणि ती तपासायला अवघी काही मिनिटे पुरतात. कारखान्यातून शोरूमपर्यंत येताना एखाद्या गाडीला खरचटते आणि विक्रीपूर्वी तो भाग स्थानिक पातळीवर पुन्हा रंगवला जातो. अशा रंगाखाली कारखान्यातल्या थरांची शिस्त नसते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांकडे आणि चांगल्या पेंटिंगच्या गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र असते. त्याने टप, बॉनेट आणि चारही दारे प्रत्येकी दोन-तीन ठिकाणी मोजून घ्यावीत. सर्वत्र शंभर-सव्वाशे मायक्रॉन आणि याच दारावर अडीचशेच्या पुढे आकडा आला, तर ते दार पूर्वी रंगवलेले आहे. गाडीला आपल्या हातून कधीच मार लागला नसेल, तर ते विक्रीपूर्वीच रंगवले गेले असा त्याचा अर्थ होतो, आणि तो विक्रेत्यासमोर लेखी मांडण्याजोगा मुद्दा आहे.

ही पाहणी झाली की कंपनीकडे जावे, आणि यापुढे तोंडी काहीही करू नये. गाडीसोबत मिळालेली वॉरंटीची पुस्तिका काढून तिच्यातील गंजाविषयीचे कलम शब्दशः वाचावे. पुष्कळ पुस्तिकांत दोन गोष्टी वेगळ्या मांडलेल्या असतात. पत्र्याच्या वरच्या बाजूचा गंज, खारी हवा, दगडाचा मार हे बहुधा वगळलेले असते, तर आतून गंजून पत्र्याला आरपार भोक पडणे याला काही कंपन्या वेगळी आणि अधिक मुदतीची हमी देतात. आपल्या दाराला अजून भोक पडलेले नाही, म्हणून ते कलम आजच लागू होईल असे नाही. परंतु गंज घडीच्या आतून येत असल्याची नोंद आज मुदतीच्या आत झाली, तर पुढच्या वर्षी तिचे मोल कळेल.

विक्रेत्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल पाठवावा. त्यात खरेदीची तारीख, चासी क्रमांक, सर्व सर्व्हिसच्या नोंदी, फोड प्रथम दिसल्याची तारीख आणि फोटो द्यावेत. प्रत्येक फोटोत मापासाठी फोडाशेजारी पट्टी धरावी. मडफ्लॅप शोरूमने बसवला असल्यास त्याचे बिल जोडावे आणि स्क्रूविषयी स्वतंत्र परिच्छेद लिहावा, कारण तो कंपनीच्या वॉरंटीपेक्षा विक्रेत्याच्या कामाचा प्रश्न आहे. मागणीही स्पष्ट करावी. पाहणी करून लेखी अहवाल द्यावा, दाराची दुरुस्ती किंवा बदल करून द्यावा, आणि नकार असल्यास वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली तो आहे हे कळवावे. तोंडी नकार देणाऱ्यांना कलम लिहून द्यावे लागले की पुष्कळदा गाडीकडे नीट पाहिले जाते.

उत्तर आले नाही किंवा समाधानकारक नसले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. गाडी कोल्हापुरात किंवा गोव्यात घेतलेली असली तरी अडचण नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि पाच ते दहा लाखांच्या दरम्यान असेल तर ते २०० रुपये आहे. बॉनेटच्या ठिपक्यासाठी कोणी आयोगाकडे जाऊ नये, परंतु दाराची घडी मुळातच उघडी राहिली असेल तर संकोच बाळगू नये. विम्यावर मात्र विसंबू नका. गंज ही झीज समजली जाते आणि मोटार विम्यात ती धरत नाहीत.

आता दुरुस्ती. मिस्त्रींनी सुचवलेल्या दीड हजाराच्या कामाला मी नको म्हणतो, ते त्यांच्या हाताच्या कौशल्याविषयी शंका म्हणून नव्हे. फोड खरवडून, वर पुट्टी ओढून, रेड ऑक्साइड आणि रंग मारणे ही पद्धत घाटावर कदाचित तीन-चार वर्षे काढील. किनाऱ्यावर ती काढत नाही. पुट्टी ओलावा शोषून घेते, आणि ती उघड्या पत्र्यावर थेट बसवली की तिच्याखाली पाणी धरून ठेवणारी गादीच तयार होते. रेड ऑक्साइडचा थर फाटकाला आणि खिडकीच्या गजांना ठीक आहे, पण खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याचे रक्षण एकट्याने करण्याइतका तो घट्ट नसतो.

टिकाऊ काम असे होते. प्रथम जागा आणि तिच्या भोवतालचा भाग गोड्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळवावा. फोडाच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाहेरपर्यंत, रंग पत्र्याला घट्ट धरलेला आढळेपर्यंत, तो काढत जावा. ठिपका लहान आहे म्हणून लहान जागाच मोकळी केली, तर रंगाखाली पसरलेला गंज कडेला शिल्लक राहतो आणि दुरुस्तीच्या सीमेवर नवा फोड येतो. मग पॉलिश पेपरने गंज उतरवावा. फिरत्या वायर ब्रशवर समाधान मानू नये, कारण त्याने वरचा गंज चकचकीत होतो आणि खळग्यातला काळा गंज तसाच राहतो. खळगे खोल असतील तर बारीक वाळूच्या फवाऱ्याने किंवा फॉस्फरिक आम्ल असलेल्या गंजनाशकाने ते साफ करावेत. आम्ल वापरल्यास त्याचा अंश पूर्ण धुऊन टाकणे आवश्यक असते, कारण तो राहिला तर वरचा एपॉक्सी प्रायमर नीट धरत नाही.

इथवरचे काम पुष्कळ गॅरेजमध्ये बरे होते. खरी चूक यापुढे होते. पत्रा पांढरा, चकचकीत दिसू लागला की लगेच प्रायमर मारला जातो, पण खळग्यांच्या तळाचे क्लोराइड डोळ्यांना दिसत नाही आणि पॉलिश पेपरने निघतही नाही. ते फक्त पाण्याने निघते. म्हणून मोकळा केलेला पत्रा बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, ते कोमट करून, नायलॉनच्या ब्रशने तीन-चार वेळा घासून धुवावा, दर वेळी नवे पाणी घ्यावे आणि हॉट एअर गनने वाळवावा. नंतर तो एक रात्र तसाच उघडा ठेवावा. सकाळी पत्र्यावर सर्वत्र हलकी, सारखी तपकिरी झाक आली असेल तर ती हवेतल्या ओलाव्याची आहे आणि सहज निघते. मात्र खळग्यांच्या जागी नेमके गडद ठिपके उठले असतील, तर मीठ अजून आत आहे; घासणे आणि धुणे पुन्हा करावे लागते. घाईत असलेल्या माणसाला हे पटवणे कठीण जाते. तरीही किनाऱ्यावरच्या दुरुस्तीचे आयुष्य या एका रात्रीवर ठरते असे माझे ठाम मत आहे, आणि मिस्त्रींना काम देताना हीच अट आपण प्रथम घालावी.

ठिपके उठले नाहीत की पत्रा पुन्हा हलका घासून, वाळवून, त्याच दिवशी त्यावर हार्डनर मिसळून वापरायच्या एपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. पुट्टी लागलीच तर ती या एपॉक्सीच्या वर आणि शक्य तितकी पातळ. त्यावर मधला प्रायमर, रंग आणि पारदर्शक थर. कमानीच्या आतल्या बाजूलाही एपॉक्सी आणि सीलर द्यावा. स्क्रूचे भोक तसेच प्रायमरने सुरक्षित करून त्यात प्लास्टिकची खुंटी बसवावी, आणि मडफ्लॅप पुन्हा लावायचा झाल्यास त्या खुंटीवरच लावावा. शेवटी, रंग पूर्ण सुकल्यानंतर, आतल्या पोकळीत मेणाचा फवारा द्यावा. हा क्रम उलटा होता कामा नये, कारण मेणाचा अंश लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही.

दाराच्या घडीला यातले काहीच पुरे पडत नाही. दोन दाबलेल्या पत्र्यांच्या मधला गंज पॉलिश पेपरने गाठता येत नाही, म्हणून वरवरच्या रंगाने ती जागा काही महिने सुंदर दिसेल आणि मग पुन्हा फुगेल. योग्य उपाय म्हणजे दाराचा बाहेरचा पत्रा किंवा सबंध दार बदलणे, आणि म्हणूनच कंपनीकडचा आग्रह दारासाठी धरावा. कंपनीने स्पष्ट नकार दिला, तर घाईने रंगवण्यापेक्षा आत झिरपणारे मेण दाराच्या पोकळीत, तळाच्या भोकांपर्यंत पोहोचेल असे फवारून घ्यावे; भोके त्याने बुजू देऊ नयेत. बाहेरचा उंचवटा दिसत राहील. तो दिसत राहिला तरी चालेल. गंजाची गती मंदावली की पुढच्या हिवाळ्यात शांतपणे निर्णय घेता येतो.

पावसाला महिना उरला आहे, त्यामुळे कामांची विभागणी करावी. बॉनेट आणि चाकाची कमान या दोन्ही जागा मेमध्येच उरकाव्यात. कमानीसाठी विक्रेत्याच्या उत्तराची आठ-दहा दिवस वाट पाहावी, फोटो आणि मोजमापे हाती असल्यावर त्याहून थांबण्याची गरज नाही. शक्य असल्यास हे काम कणकवली किंवा कुडाळकडच्या बंद पेंटबूथ असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्यावे, कारण आपल्या अंगणात उघड्यावर खरवडलेला पत्रा वाऱ्यातले ताजे मीठ घेत बसतो. जून उजाडेपर्यंत काम झाले नाही, तर पावसात पत्रा उघडा करू नये. फोड न फोडता स्वच्छ ठेवावा आणि डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा येईपर्यंत थांबावे.

या गडबडीत आपल्याला काही गोष्टी विकल्या जातील. टेफलॉन किंवा सिरॅमिक कोटिंग रंगाच्या वर बसते आणि रंगाची चमक राखते. रंगाखालच्या किंवा घडीतल्या गंजाशी त्याचा संबंध नाही. तळाला मारायचे काळे रबरी कोटिंग स्वच्छ, कोरड्या, गंजरहित पत्र्यावर उपयोगी आहे, पण साडेतीन वर्षे वापरलेल्या गाडीवर तळ न धुता ते मारले तर मीठ आणि ओल आतच कोंडली जाते, आणि कोटिंगच्या सालपटाखाली काय चालले आहे ते दिसतही नाही. आपल्या गाडीला मी मेणाचा प्रकार सुचवीन. तो दरवर्षी पावसाआधी पुन्हा द्यावा लागतो, तरी तो फटीत शिरतो आणि सोलवटत नाही. बॅटरीला जोडून गंज थांबवणारे म्हणून जे यंत्र विकतात ते घेऊ नये. जहाजाच्या तळाला विजेने गंजापासून वाचवता येते, कारण तो तळ सतत पाण्यात बुडालेला असतो आणि वीज पाण्यातून वाहते. हवेत उभ्या असलेल्या मोटारीभोवती असा मार्ग नसतो.

विहिरीच्या पाण्याचा प्रश्न आपण ओघात लिहिला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. जिभेला मचूळ लागणाऱ्या पाण्याने गाडी धुणे म्हणजे तिला मिठाचे पाणी पाजणे होय, आणि ते वाळले की प्रत्येक फटीत मीठ मागे राहते. त्या दोन महिन्यांत नळाचे पाणी मिळाले तर तेच वापरावे. थोडे असले तरी ते टपावर ओतण्यापेक्षा कमानीच्या आत आणि दारांच्या खालच्या कडांवर खर्च करावे. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी कौलांवरचे मीठ धुऊन गेल्यावर पागोळ्यांचे पाणी धुण्यासाठी उत्तम असते. कोरड्या महिन्यांत आठवड्यातून एकदा कमानी आणि तळ वाहत्या पाण्याने धुवावेत. जोराचा फवारा फोडांवर किंवा दाराच्या घडीवर मारू नये. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ अशा फेरीबोटीतून गाडी नेली, तर मुक्कामी पोहोचताच धुण्याचा कंटाळा करू नये. पुळणीवर गाडी उतरवण्याचा मोह पाहुण्यांनी कितीही आग्रह केला तरी टाळावा. ओली वाळू कमानीत आणि तळाच्या खाचांत जी बसते ती एका धुण्यात निघत नाही.

प्लास्टिकचे कापड काढून टाकावे. त्याच्याखाली ओल कोंडते, आणि दुपारच्या उन्हात ती गरम ओल उघड्या पावसापेक्षा अधिक वेगाने गंज वाढवते. गाडी घराच्या जमिनीकडच्या बाजूला, म्हणजे गाडी आणि समुद्र यांच्यात घराचा आडोसा मिळेल अशी उभी करावी. वरून छप्पर आणि चारही बाजूंनी वारा खेळता असलेली जागा सर्वांत चांगली. फणसाखाली किंवा आंब्याखाली उभी करत असाल तर काचेच्या खालच्या जाळीत अडकलेला पाला दर आठवड्याला काढावा. तो कुजला की तिथली पाण्याची वाट बंद होते.

मासळीविषयी. दीरांचे काम थांबवा असे मी म्हणणार नाही, पण बर्फाचे खारट, रक्तमिश्रित पाणी डिकीच्या गालिच्याखाली उतरत असेल, तर बाहेरच्या फोडांपेक्षा मोठे नुकसान तिथे होत असण्याची शक्यता आहे. आजच गालिचा आणि स्टेपनी बाहेर काढून खालचा खळगा पाहावा. त्याच्या तळाशी रबरी बूच असते. ते काढून खळगा गोड्या पाण्याने धुवावा, उन्हात दिवसभर डिकी उघडी ठेवून वाळवावा आणि बूच परत बसवावे. पत्र्यांच्या सांध्यावर तपकिरी रेघ दिसल्यास तिचाही फोटो काढून मला पाठवावा, त्याविषयी वेगळे उत्तर देईन. पुढे मासळी झाकणाच्या, भोके नसलेल्या प्लास्टिकच्या पेटीतच न्यावी आणि तिच्याखाली कडा उंच असलेला ट्रे ठेवावा.

यजमानांना एवढे सांगावे की मुगाएवढ्या दोन फोडांवरून आणि एका दाराच्या कडेवरून गाडीचे आयुष्य ठरत नाही. गाडीचा भार ज्या पत्र्यावर असतो तो तळाचा सांगाडा, दारांखालची उंबऱ्याची पट्टी आणि मागच्या सस्पेन्शनच्या जोडण्या या जागा गाडी लिफ्टवर घेऊन एकदा पाहाव्यात. त्या कोरड्या आणि घट्ट असतील तर गाडी निश्चिंतपणे ठेवावी. तिथेच पापुद्रे सुटत असतील आणि विकायचा निर्णय झाला, तर घेणाऱ्याला फोटो आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार दाखवूनच व्यवहार करावा.